शिसं आत, शांतवन ओट्यावर

आत्या, तुझ्यावर पत्रक काढायचं ठरलं आहे. निजामाविरुद्धच्या आमच्या समितीच्या कचेरीत बैठक झाली. तुझ्या नावापुढं ‘वीरमाता’ लावावं की ‘वीरांगना’, यावर बराच खल झाला, आणि मजकूर लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. पहिली ओळ सुचायला वेळ लागला नाही. ‘मातृभूमीच्या चरणी देह झिजवून’ वगैरे. अशा ओळी मला झोपेतही लिहिता येतात. तू म्हणायचीस, “माधवा, तुझ्या पत्रकात माणसं फार ओरडतात रे. एखादा तरी घसा धरून गप्प बसलेला दाखव.” उरलेली पत्रकं तू पापडांखाली अंथरायचीस आणि मी चिडलो की म्हणायचीस, “बघ, उडदाला तरी पटलं.”

ती ओळ लिहिली, वाचली आणि कागद फाडला. देह बिह काही झिजवला नाहीस तू. तुझ्या पोटात शिसं गेलं आणि ते जायला मी कारण झालो. हे पत्रकात बसत नाही. म्हणून तुलाच लिहितो आहे.

गोळ्या ओतायचा साचा राहात्याच्या बाजारात मिळाला. मी आणि शांतवन गेलो होतो. शांतवन आपल्याच कोल्हारचा, ख्रिस्ती आळीतला, लढाईवरून परतलेला, नगर-मनमाड रस्त्यावर मालमोटार चालवणारा. समितीत तो माझा उजवा हात होता, असं मी भाषणात म्हणायचो. देश स्वतंत्र झाला तरी आपल्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला निजामाची हद्द तशीच होती, पलीकडून लुटलेली माणसं गाडग्यामडक्यांसकट अलीकडं येत होती, आणि त्या हद्दीवरच्या आमच्या कॅम्पात बंदुका होत्या त्या जुन्या ठासणीच्या. त्यांना तयार काडतूस चालत नाही. गोळी घरीच ओतावी लागते. मोडवाल्याकडं गंजलेल्या कुलपांच्या ढिगात तो साचा पडला होता. दोन मुठी, मिटला की पोटात एक गोल पोकळी. बिजागरी सैल झालेली. मोडवाला म्हणाला, साहेबाच्या शिकारखान्यातला आहे. शांतवन म्हणाला, “सायबाचा न्हाई, सायबाच्या खानसाम्याचा आसंल. लई बुंदी पाडलीया ह्यानं.”

घरी आणला तेव्हा तू हातात घेऊन उघडलास, मिटलास आणि म्हणालीस, “हा तर थोरला अडकित्ता.” पुढं त्याचं तेच नाव पडलं. बिजागरी सैल म्हणून दोन अर्धुकं नीट जुळायची नाहीत आणि प्रत्येक गोळीच्या पोटावर कड यायची. ती कड तू तुझ्या धाकट्या अडकित्त्यानं कातरायचीस. मग त्याच अडकित्त्यानं जेवणानंतरची सुपारी. मी समोर बसलेला असायचो. मला ते गमतीचं वाटायचं. एका सभेत मी ते सांगितलंही, आणि टाळ्या पडल्या.

आता त्या दुपारचं सांगतो. होळी नुकतीच होऊन गेली होती. गल्ली निजली होती. भोयांच्या फाटक्या जाळ्यांना लावलेली शिशाची वजनं आम्ही पोतंभर जमवली होती, ते पोतं शांतवननं ओट्यावर आणून टाकलं आणि तो नेहमीसारखा तिथंच बसला. तू त्याला वरून पाणी दिलंस, तेही नेहमीसारखं. मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि फळीवरची बिडाची कढई काढली.

तू म्हणालीस, “ती नको. ती सोवळ्यातली आहे.”

मी म्हणालो, “ह्याच्यासाठी हीच हवी. जाड आहे. आणि चूलही हीच.”

“परसात मांडून देते की चूल. विटा आहेत.”

आत्या, आपलं परस रस्त्याला लागून आहे. येणारा-जाणारा पाहील, बातमी ठाण्यावर जाईल, हे खरं कारण होतं. तेवढंच सांगितलं असतं तर तू गोठ्याच्या आडोशाला चूल मांडली असतीस, वर गोणपाटही बांधलं असतंस. पण मला साधं कारण सांगायची सवय नव्हती. मी व्याख्यान दिलं. म्हणालो, ह्या सोवळ्यानं देश बुडाला. म्हणालो, माणूस ओट्यावर बसवता, त्याला ओंजळीनं पाणी पाजता, आणि आता राष्ट्राच्या कामालाही दाराबाहेर ठेवता. ओट्यावर शांतवन ऐकत होता. त्यानं ऐकावं म्हणून आवाज चढवला होता, तेही सांगून टाकतो.

तू पदराला हात पुसत उभी होतीस. म्हणालीस, “बरं. मग असं कर. शांतवनला आत घे. इथं पाटावर बसव, मी त्याला वाढते. पण ते शिसं नको.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“का? शिशात काय आहे?”

“मला काय ठाऊक. पण माणूस येऊन बसला तर मी फार तर आंघोळ करीन पुन्हा. त्या कढईला कसली आंघोळ घालू?”

त्यातलं मी ‘आंघोळ’ तेवढं ऐकलं. माझा संताप मस्तकात गेला. माणूस आत आला तर आंघोळ करणार म्हणते, ह्या एका वाक्यावर मी कितीतरी वेळ बोललो असेन. ते वाक्य वाईटच होतं. आजही वाईटच म्हणतो. तू गेलीस म्हणून ते गोड होत नाही. पण त्याच वाक्यात तू त्याला आत घेत होतीस. आयुष्यभर पाळलेलं एका बाजूला सारून तू मला म्हणत होतीस की माणूस येऊ दे, धातू नको. माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे घडलं नव्हतं ते तू चुलीपाशी उभी राहून देऊ करत होतीस. आणि मी कढई चुलीवर ठेवली.

तू बाजूला झालीस. शिसं वितळलं, त्यावर कळकट साय आली, गोडसर उग्र वास सुटला. गोळ्या पाडून झाल्यावर मी बाहेर आलो तर शांतवन ओट्यावरच. मी त्याला गोळी दाखवली. त्यानं ती तळहातावर फिरवली आणि म्हणाला, “ही बरी. ही सैपाकघरात जाऊन आली.”

मी हसलो. तो हसला नव्हता. माझ्या ते ध्यानात आलं ते परवा.

तू कढई राखेनं घासलीस, वाळूनं घासलीस, आणि पडवीत पालथी घालून ठेवलीस. स्वयंपाक पितळी पातेल्यात करू लागलीस. इथवरही सगळं ठीक होतं. पुढच्या खेपेला मी कॅम्पावरून आलो, कढई पडवीत पाहिली, आणि म्हणालो, “म्हणजे देशाचं काम केलं की भांडं बाटतं तर.”

आत्या, हे वाक्य मला परत घ्यायचं आहे. बाकीचं भांडण राहू दे.

तू कढई उचललीस, आत नेलीस, त्यात चिंचेचं सार केलंस, वाटीत घेतलंस आणि माझ्यासमोर प्यायलीस. “झालं समाधान? आता ओरडू नकोस.” मला समाधान झालं. तुला जिंकल्यासारखं वाटलं मला. एका वृद्ध विधवेनं रूढीचं जोखड कसं झुगारलं, ते मी जिल्हाभर सांगत फिरलो. नाव घेतलं नाही, तेवढीच लाज होती.

त्यानंतर त्या कढईत एक दिवस शिसं आणि बाकीचे दिवस तुझं सार, तुझी कढी, तुझी आंबट चुका घातलेली भाजी. तुला आंबट फार आवडायचं. एक वेळ जेवणारं तुझं शरीर, आणि जेवण हे असं. मी यायचो तेव्हा माझ्यासाठी भात आणि वरण पितळीत. मला सार आवडत नाही म्हणून.

ओतायचं काम मी हाती घेतलं होतं. ते तुझ्याकडं कधी गेलं ते कळलंही नाही. मी एकदा अर्धवट टाकून मोटार पकडली, परत आलो तर पोतं संपलेलं आणि गोळ्या लोणच्याच्या बरणीत भरून ठेवलेल्या. “शेवया पाडते, हे काय मोठं,” म्हणालीस. शांतवन बरण्या शेंगदाण्याच्या पोत्यात घालून नगरपर्यंत न्यायचा, तिथून त्या पूर्वेला जायच्या. त्या दिवसांत, मी नसताना, तू त्याला एका दुपारी आत बोलावलंस. ह्याचं भाषण झालं नाही. शांतवननंच मला सांगितलं, तेही रस्त्यात टायर बदलताना.

“आत्याबाईनं पाटावर बसवलं. पिठलं हुतं.”

“मग? आंघोळ केली का तिनं नंतर?”

“मी इचारलं तसं. म्हनल्या, गार वारं सुटलंय, उद्याची उद्या बघू.”

तुला मी कधी विचारलं नाही की कसं ठरवलंस. विचारायला हवं होतं. मला वाटतं, मला ते आवडलंच नव्हतं. माझ्यामागं, माझ्याशिवाय झालं होतं.

गणपतीच्या सुमारास लष्कर हद्दीपलीकडं शिरलं आणि आठवडा उलटायच्या आत सगळं आटोपलं. आमच्या गोळ्या बहुतेक बरण्यांतच राहिल्या. कॅम्पावरच्या एकानं त्या परत आणून दिल्या, त्यांना लोणच्याचा वास येत होता. मी घरी आलो तेव्हा तू वाळली होतीस. म्हणालीस, भूक लागत नाही, तोंडाला कसलीशी गोडसर चव राहते. मी म्हणालो, उपास कमी कर. उपासांवरही माझं एक पत्रक होतंच.

दिवाळीला शांतवनची बायको रूथ फराळाला आली, आतपर्यंत आली. तू फळीवरची कढई काढून तिच्या हातात दिलीस. “माझ्या हातांना आता जड होते. तुझ्याकडं पोरंबाळं आहेत, जाड भांडं उपयोगी पडेल.” सोवळ्यातली कढई, तुझ्या सासरहून आलेली. रूथनं ती पदराखाली धरली. मी दारात उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते. मी मनात मजकूर जुळवत होतो, आत्या. मथळासुद्धा सुचला होता.

मग पोटात पीळ पडू लागला. मग मनगटं उचलेनात, पंजे लोंबू लागले, सुपारी कातरता येईना. शांतवननं मालमोटारीत गोणपाटं अंथरून तुला नगरला नेलं. डॉक्टरांनी तुझा ओठ खाली ओढला, हिरडीच्या कडेची निळसर काळी रेघ बघितली आणि मला बाहेर बोलावून विचारलं, “ही शिशाची खूण. ह्या छापखान्यात कामाला होत्या का?”

मी म्हणालो, “नाही. छापखान्याशी संबंध माझा.”

“मग घरात शिसं कुठून आलं?”

मी सांगितलं. ते ऐकत होते. मी कढईचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, आंबट शिजवलं का त्यात? आंबटात शिसं उतरतं. मी हो म्हणालो. ते म्हणाले, वय, अशक्तपणा, इतर गोष्टीही असतील, सगळं त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. मला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले असतील. मी ते वाक्य घट्ट धरलं, इतकं की खाटेपाशी आलो तेव्हा तू विचारलंस, “काय म्हणाले?” आणि मी म्हणालो, “अशक्तपणा आहे म्हणाले.”

तू म्हणालीस, “त्या थोरल्या अडकित्त्याचा वास अजून जात नाही रे तोंडातून.”

मी उशी सारखी केली. तुला कळलं होतं की नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. तुला विचारणं सोपं होतं. जगातल्या सगळ्या अन्यायांवर बोललो, खाटेवरच्या एका माणसाशी बोललो नाही.

तू गेलीस. आणि ह्याहून वाईट पुढंच आहे.

कढई रूथकडं होती. तिच्या घरी त्यात रोज कालवण शिजत होतं. डॉक्टरांनी सांगितलं त्या क्षणी मला ते आठवलं होतं. तुझ्या दहनाला शांतवन होता, माझ्या शेजारी, त्याला मी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. काय सांगणार? आमच्या आत्यानं दिलेलं सोवळ्यातलं भांडं परत दे? आत्या डोळे मिटते न मिटते तोच ब्राह्मणाचा पोर ख्रिस्ती आळीत भांडं मागायला आला, असं गाव म्हणेल. खरं सांगायचं तर दुसरं भय होतं. कढई का मागतो ते सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की तुला काय झालं तेही सांगावं लागेल.

मी घरात बसून राहिलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, सुतक आहे. सुतकाविरुद्ध पत्रक काढलेला मी सुतकात दडून बसलो. तुझ्या जावा कौतुकानं म्हणाल्या, बरं झालं, ताळ्यावर आला.

तुझा दहावा व्हायच्या आधी शांतवन दारात आला. ओट्यावरच थांबला. आतून हाक मारणारी तू नव्हतीस. म्हणाला, “धाकलीचं प्वाट दुखतंय. तुमच्याकडं आत्याबाईचा ओवा आसंल तर द्या.”

मी ओवा दिला नाही. तसाच उठलो आणि त्याच्याबरोबर निघालो. वाटेत पुलावर त्याला सगळं सांगितलं. तो थांबला नाही, माझ्याकडं बघितलं नाही, फक्त चालायचा वेग वाढवला. शेवटी शेवटी तो पळत होता.

रूथ चुलीपाशी होती. चुलीवर तीच कढई, त्यात आमटी. मी दारातून म्हणालो, “वहिनी, ती कढई मला परत हवी.”

ती म्हणाली, “आत्याबाई जाऊन किती दिस झालं? मागाया आला व्हय?”

“तसं नाही. त्यात मी शिसं वितळवत होतो. आत्या त्यानंच गेली. तुम्ही त्यातलं खाऊ नका.”

पहिल्यांदा उच्चारलं ते. शेजारची दोन बायामाणसं दारात आली होती, त्यांनीही ऐकलं. रूथनं कढई चिमट्यानं उतरवली, परसात नेली आणि आमटी खड्ड्यात ओतून वर माती लोटली, कोंबड्यांनी चोच घालू नये म्हणून. मग आत येऊन विचारलं, “कवापासून ठावं हाय तुमाला?”

मी सांगितलं. शांतवन भिंतीकडं तोंड करून उभा होता.

“पोरगी खात हुती,” रूथ म्हणाली. एवढंच.

धाकटीला त्याच दिवशी नगरला नेलं. हिरड्या स्वच्छ आहेत, थोडक्यात निभावलं, डॉक्टर म्हणाले. कढई शांतवननं हातोड्यानं फोडली. बीड असं फुटतं हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं होतं वाकेल. साचाही फोडायला दिला, त्यानं तो घेतला नाही. म्हणाला, “तुमचं तुमी बघा.” साचा अजून कोनाड्यात आहे.

दुसऱ्या दिवशी मी तुझं पितळी पातेलं घेऊन गेलो. नवी कल्हई करून घेतली होती. रूथनं ते हातात घेतलं, उजेडाला धरून आत बघितलं, आणि विचारलं, “ह्यात काय वितळीवलं हुतं?”

“काही नाही. ह्यात ती माझ्यासाठी वरण करायची.”

“मंग तुमी आदी खावा. मी बघती. मंग ठेवून घेते.”

तिनं त्यात वरण शिजवलं. मी ओट्यावर बसलो होतो. बोलावल्याशिवाय आत जायची हिंमत नव्हती. शांतवननं आतून म्हटलं, “या आत.” सहभोजनांच्या मांडवात मी त्याच्या मांडीला मांडी लावून कैक वेळा जेवलो आहे, फोटोसुद्धा आहे. त्याच्या घरात कधी जेवलो नव्हतो.

आत्या, पत्रक मी लिहिणार नाही. समितीला हेच देईन. छापलं तर छापतील. मी तिथं बसून वरण-भाकरी खाल्ली. रूथ समोर उभी राहिली, हात कमरेवर, आणि मी घास उचलला की तो तोंडात जाईपर्यंत ती त्याच्याकडं बघत होती, मग माझ्या चेहऱ्याकडं, मग पुन्हा ताटाकडं. जेवण होईतो तिनं नजर हलवली नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, असं म्हणून बघितलं. पण तू इतके महिने त्या कढईतलं खात होतीस, मी समोर बसलेला असायचो, आणि तुझ्या ताटाकडं मी असं एकदाही बघितलं नाही.